रात्री दोन वाजता भेटणारा डॉक्टर

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके वीसेक मिनिटांत येऊन जातात. खिडकीतून इमारती, कारखान्यांच्या चिमण्या आणि पुन्हा इमारती दिसत राहतात. बदलापूर सुटले, की मात्र देखावा पालटतो. भाताची खाचरे दिसू लागतात, मागे डोंगर उभे राहतात आणि पुढचे वांगणी स्थानक तब्बल दहा किलोमीटरवर येते. मुंबईपासून जेमतेम ६८ किलोमीटरवर महानगर असे एकदम संपते. पूर्वेला मुरबाड तालुका, दक्षिणेला रायगड जिल्ह्यातील कर्जत. मध्ये ठाकरांचे आणि कातकऱ्यांचे पाडे.

या पट्ट्यात कुणाला साप चावला, कुणी रुळावर पडले, कारखान्यात कुणाच्या छातीत वायू गेला, तर त्याला प्रथम हात लावणारे माणूस कोण असते? ते काय शिकलेले असते? आपण सहज म्हणतो, ‘डॉक्टर’. पण या एका शब्दाखाली वेगवेगळी शिक्षणे घेतलेली कितीतरी माणसे उभी असतात. शिवाय पहिली भेट बहुधा डॉक्टरशी होतच नाही.

एक प्रसंग कल्पून पाहू. जूनअखेरची रात्र आहे. पाऊस लागला आहे. पाड्यावरच्या एका झोपडीत जमिनीवर अंथरूण टाकून सारे झोपलेले आहेत. रात्री दोनच्या सुमारास एका मुलाला जाग येते. पोटात दुखते आहे, एवढीच त्याची तक्रार. अंगावर जखम दिसत नाही, सूज नाही. घरच्यांना वाटते, काही बाधले असेल. तासाभरात त्याच्या पापण्या मिटू लागतात. झोप येत असेल, असे पुन्हा वाटते. मग त्याला थुंकी गिळता येईना, बोलणे जड झाले.

हा मण्यारीचा दंश आहे. आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांपैकी नाग, घोणस आणि फुरसे यांच्या दंशाच्या जागी दुखते, सुजते. आपण चावलो आहोत हे ते साप जणू सांगून जातात. मण्यार सांगत नाही. ती रात्री वावरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचे बारीक दात लागल्याचे पुष्कळदा कळतही नाही. तिचे विष मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो त्या टोकावर आघात करते. स्नायूला ‘आकुंचन पाव’ असा निरोप देणारे रसायन त्या टोकातून बाहेर पडेनासे होते. आधी पापण्यांचे बारीक स्नायू निकामी होतात, मग घशाचे, शेवटी छातीचे आणि श्वासपटलाचे. हृदय धडधाकट असते, मेंदू जागा असतो, आणि माणूस श्वास घेता येत नाही म्हणून मरतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की तंतूची टोके एकदा बिघडली, की प्रतिविष त्यांना दुरुस्त करू शकत नाही. रक्तात फिरणारे विष ते पकडते, झालेली हानी ते भरून काढत नाही. ती टोके शरीरच पुन्हा तयार करते आणि त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस कुणीतरी त्या मुलाच्या फुप्फुसांत हवा भरत राहिले, तर मूल उठून बसते. म्हणजे प्रश्न केवळ औषधाचा उरत नाही, श्वास चालू ठेवणारे माणूस वाटेत कुठे भेटते याचा होतो.

आता त्या वाटेवरची माणसे पाहू.

पहिली भेटते ती आशाताई. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा ‘आशा’ हे पद निर्माण झाले. गावातलीच बाई, सुरुवातीच्या नियमांप्रमाणे शिक्षण किमान आठवी आणि मूलभूत प्रशिक्षण सुमारे २३ दिवसांचे. पापणी मिटणे आणि झोप येणे यांतला फरक तिला कुणी दाखवला असेल, तर ती त्या रात्रीची सर्वांत मोलाची तज्ज्ञ ठरते. दाखवला नसेल, तर पोटदुखीची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे तिच्या दृष्टीने चूक नसते. उपकेंद्रावरची परिचारिका दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली असते; तिच्या शिक्षणाचा मोठा भाग बाळंतपण, लसीकरण आणि बालसंगोपन यांचा असतो. तिला बाळाच्या तोंडातून श्वास कसा द्यायचा हे येते. मोठ्या मुलाचे तत्त्व तेच, हे तिला सुचले तर!

मग १०८ क्रमांकाची गाडी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली तेव्हा तिच्याकडे ९३७ रुग्णवाहिका होत्या. अनेक राज्यांत अशा गाडीत प्रशिक्षित सहायक असतो. महाराष्ट्राने गाडीत डॉक्टरच असावा असे ठरवले. एमबीबीएस झालेले इतके डॉक्टर या कामाला मिळणे शक्य नव्हते, म्हणून या गाड्यांतले बहुसंख्य डॉक्टर बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. शहरातल्या काही मंडळींच्या भुवया यावर उंचावतात. त्यांनी एक हिशेब करून पाहावा. एमबीबीएसचा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा, बीएएमएसचाही साडेपाचच. दोघांनाही शरीररचना शिकवतात. औषधशास्त्र आणि रुग्णालयातील अनुभव यांत मोठा फरक आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. पण मण्यारीच्या त्या रुग्णाला गाडीत जे हवे आहे ते दोन्हींपैकी कोणत्याच पदवीत पुरेसे घोटून घेतले जात नाही. जबडा पुढे ओढून श्वासमार्ग मोकळा करणे, मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसवणे आणि हाताने पिशवी दाबून हवा भरणे हे हाताचे कौशल्य आहे. ते पुतळ्यावर शंभरदा केल्याने येते, आणि सहा महिने केले नाही तर जाऊ लागते. भिंतीवरच्या प्रमाणपत्राला हे कळत नाही.

या पिशवीची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९५२ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले आणि तरुण रोज डझनांनी दाखल होत होते. श्वास देणारी लोखंडी यंत्रे मोजकीच होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सुचवले, की शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही जे करतो तेच इथे करू. श्वासनलिकेत नळी घालू आणि रबरी पिशवी हाताने दाबत राहू. पण दाबणार कोण, आणि किती दिवस? शहरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावले गेले. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म इथला मानतात. पुढे त्याच देशात, त्याच दशकात, दाबली की आपोआप पुन्हा फुगणारी पिशवी तयार झाली. आज प्रत्येक रुग्णवाहिकेत दिसणारी ती ‘अंबू’ पिशवी. भूलतज्ज्ञाच्या हातातली विद्या विद्यार्थ्यांच्या हातात आली आणि तिथून वस्तूच्या रूपाने बदलापूरच्या गाडीत पोचली.

गाडी जाते कुठे? प्राथमिक आरोग्य केंद्र हे सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक असावे असा निकष आहे. तिथले वैद्यकीय अधिकारी एमबीबीएस किंवा बीएएमएस असतात. त्यावर ग्रामीण रुग्णालय, जसे बदलापूरला; मग अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय, मग उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय. जे उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधील निर्वासितांनी वसवले आणि ज्याला १९४९ साली हे नाव मिळाले, तिथे आज मुरबाड-कर्जतकडचे रुग्णही येतात. तिथेही झाले नाही तर कळवा, आणि त्यापुढे मुंबई. प्रत्येक पायरीवर शिक्षण वाढत जाते: पदवी, मग पदव्युत्तर, मग त्या विषयातला विशेष तज्ज्ञ. पण प्रत्येक पायरीला वेळ लागतो. ज्ञान रुळाच्या एका टोकाला साठलेले आणि दंश दुसऱ्या टोकाला, अशी ही रचना आहे.

‘आकस्मिक वैद्यक’ या विषयाचा स्वतंत्र तज्ज्ञ ही आपल्याकडे अगदी अलीकडची गोष्ट आहे. अमेरिकेत या विषयाचे पहिले पदव्युत्तर प्रशिक्षण १९७० साली सुरू झाले. भारतात मेडिकल कौन्सिलने त्याला एमडीचा विषय म्हणून मान्यता दिली २००९ साली. त्यापूर्वी मोठ्या रुग्णालयातही ‘कॅज्युअल्टी’त बसणारा डॉक्टर हा बहुधा सर्वांत कनिष्ठ असायचा. रुग्ण कोणत्या विभागाचा हे ठरवायचे आणि तिकडे पाठवून द्यायचे, हे त्याचे मुख्य काम. म्हणजे जिथे मिनिटांचा हिशेब असतो तिथे सर्वांत कमी अनुभवाचा माणूस! २००९ नंतर तीन वर्षे शिकून बाहेर पडलेले तज्ज्ञ साहजिकच मोठ्या शहरांकडे अधिक वळले. रुळाच्या दुसऱ्या टोकाला ते भेटायला किती वर्षे लागतील याचा अंदाज वाचकांनी आपापला करावा.

मग मधल्या काळात काय करायचे? याचे एक उत्तर शेजारच्याच रायगड जिल्ह्याने दिले आहे.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातले, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेले. नाव हिम्मतराव बावस्कर. कोकणातला लाल विंचू चावलेली मुले त्यांच्यापुढे येत आणि डोळ्यांदेखत मरत. मूल घामाने निथळते, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, मग तोंडातून गुलाबी फेस येतो. पाठ्यपुस्तकात विंचवाच्या दंशावर वेदनाशामक देण्यापलीकडे फारसे काही नव्हते. बावस्करांनी केले ते एवढेच, की प्रत्येक रुग्णाशेजारी बसून काय घडते ते तासातासाला लिहून ठेवले.

त्या नोंदींतून चित्र उभे राहिले. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवते. निरोप थांबतच नाहीत. ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये शरीरात एकदम ओतली जातात. भीतीने आपले जे होते ते हजारपटीने. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. हृदयाला त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावे लागते. ते थकते, रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि पाणी झिरपू लागते. गुलाबी फेस तो हाच. म्हणजे रोग विंचवाचा असला तरी मरण हृदयाचे होते. घाम आणि गार हातपाय ही पूर्वसूचना आहे, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी करून ते महाड भागात परतले. वाहिन्या सैल करणारे एक औषध त्यांनी आधी शिरेतून देऊन पाहिले. ते गुणकारी होते, पण थेंबाथेंबावर लक्ष ठेवावे लागे, रक्तदाब सतत मोजावा लागे, बाटलीला उजेडापासून जपावे लागे. एमडी झालेला डॉक्टर उशाशी बसला तर ठीक. पण बाकीच्या आरोग्य केंद्रांत कोण बसणार? तेव्हा त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीकडे मोर्चा वळवला. वाहिनी आवळण्याचा निरोप स्नायूवरच्या ज्या ग्राहकाला पोचतो, तोच ग्राहक ही गोळी अडवते. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी हे १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. गंभीर रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते, ते त्यांच्या नोंदींनुसार एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ साली महाडमधल्याच ७० रुग्णांवर केलेली चाचणी ‘बीएमजे’मध्ये आली; प्राझोसिनबरोबर विंचवाचे प्रतिविषही दिले तर रुग्ण आणखी लवकर बरे होतात, असे तीत आढळले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मला या कथेतला सन्मानापेक्षा शिरेपासून गोळीपर्यंतचा प्रवास मोठा वाटतो. तज्ज्ञाने आपली विद्या अशा रूपात आणली, की ती बीएएमएस डॉक्टरला, परिचारिका हाताशी असलेल्या एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, कर्जत-मुरबाडच्या केंद्रातही वापरता यावी. गोळी केव्हा आणि किती द्यायची हे डॉक्टरनेच ठरवायचे; पण ती देण्यासाठी अतिदक्षता विभाग लागत नाही.

अशीच दुसरी युक्ती सापाच्या बाबतीत आहे. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखायला प्रयोगशाळा हवी असे वाटेल. पण काचेच्या स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग एकदा तिरके करायचे. रक्त वाहिले, तर विष शरीरात काम करते आहे. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची नको, कारण काचेचा पृष्ठभाग गोठण्याच्या साखळीला चालना देतो. साबणाने धुतलेली नळीही फसवते. विज्ञानाच्या शिक्षकाला या एका चाचणीत पृष्ठभागाचे रसायन आणि जीवशास्त्र एकत्र सापडेल. (वर्गात रक्तावर प्रयोग अर्थातच करायचा नाही.)

आता थोडे कारखान्यांकडे. अंबरनाथ आणि बदलापूर इथे रसायनांचे कारखाने बरेच आहेत. तिथला डॉक्टर वेगळाच. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्यापाशी प्रथमोपचार शिकलेला माणूस लागत असे. ५०० हून अधिक कामगार असतील तर उपचारकक्ष लागत असे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कायदा बदलला आणि धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत व्यवसायजन्य आरोग्याची जाण असलेला डॉक्टर आवश्यक ठरला. त्यासाठी एमबीबीएसनंतर करायचा तीन महिन्यांचा ‘एएफआयएच’ हा अभ्यासक्रम आहे. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत तो चालतो. या डॉक्टरला आपल्या कारखान्यातल्या रसायनांची नावे पाठ असतात. पण कुंपणाबाहेर वायू गेला, की रुग्ण जातो गल्लीतल्या दवाखान्यात. २०२१ च्या जूनमध्ये बदलापुरात रात्री वायुगळती झाली आणि परिसरातल्या लोकांना श्वासाचा त्रास झाला, तेव्हा असंख्य घरांत पहिला निर्णय कुणा डॉक्टरने नव्हे, घरातल्याच कुणीतरी घेतला असणार: खिडकी उघडायची की लावायची, खाली पळायचे की गच्चीवर जायचे. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो आणि खोलगट जागेत साचतो, हे आपण शाळेत शिकवतोच. मात्र तो धडा कुठल्या मजल्यावर उपयोगी पडतो हे क्वचितच सांगतो.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या मधोमध पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी होते, त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल बोटी घेऊन आले, डॉक्टरांची पथके आणि रुग्णवाहिका कोरड्या जागी सज्ज झाल्या. त्यांच्या आधी पाण्यात उतरलेले होते ते आसपासच्या गावांतले लोक. शिक्षणाच्या कोणत्याही रकान्यात त्यांची नोंद होणार नाही. त्यांना नदी कुठे खोल आहे ते ठाऊक होते.

अनोळखी जखमीला हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती अजून पुष्कळांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले, की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने कायदेशीर सोपस्कारांची वाट न पाहता आधी उपचार केलेच पाहिजेत. २०१६ साली मदत करणाऱ्या सामान्य माणसाला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने मान्य केली आणि २०१९ साली ती मोटार वाहन कायद्यात आली. रेल्वेमार्गालगतच्या आणि महामार्गालगतच्या शाळांनी तरी हे नववी-दहावीच्या मुलांना सांगावे.

शेवटी वर्गासाठी एक उपक्रम. आपल्या शाळेच्या परिसराचा नकाशा काढा, पण त्यात किलोमीटर मांडू नका, मिनिटे मांडा. शाळेपासून सर्वांत जवळच्या परिचारिकेपर्यंत किती मिनिटे? प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत? प्रतिविष ठेवणाऱ्या रुग्णालयापर्यंत? श्वासयंत्र आणि भूलतज्ज्ञ रात्री असतात तिथपर्यंत? दिवसाचा एक नकाशा आणि पावसाळी रात्रीचा दुसरा. मुलांनी स्वतः जाऊन विचारावे. डॉक्टरांना त्यांची पदवी विचारावी आणि त्याबरोबरच हेही विचारावे, की पिशवीने श्वास देण्याचा सराव त्यांनी शेवटचा कधी केला. हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायचा असतो, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. घड्याळ लावून, गादीच्या घट्ट गुंडाळीवर, प्रत्येक मुलाने दोन मिनिटे ते करून पाहावे. दुसऱ्या मिनिटाला हात का गळतात आणि माणूस का बदलावा लागतो, हे त्यांना सांगावे लागणार नाही. बदलापूरच्या पलीकडच्या एखाद्या शाळेत दोन्ही नकाशे शेजारी लावले, तर रात्रीच्या नकाशावर ओढा ओलांडण्याच्या जागी मुले कोणता आकडा लिहितात, तो पाहण्याजोगा असेल.